नव्या पाण्याचे नावाडी

कोकणातल्या कुठल्याही बंदरावर विचारा, होडीवरचं शिक्षण कुठून सुरू होतं ते कोणीही सांगेल. पोरगा आधी भंडारी, म्हणजे चूल सांभाळणारा. मग खलाशी. दोर ओढायचा, जाळं उपसायचं, शिव्या खायच्या. हात आणि नजर तयार झाली की पुढे कधीतरी तांडेल. आज्याने बापाला दिलं ते बापाने मुलाला द्यायचं, आणि दर्या तोच. खडक कुठे आहे, वारा कधी फिरतो, कुठल्या डोंगराची कुठल्या देवळाशी रेघ जुळली की जाळं टाकायचं, हे सगळं वारशात येतं.

नंदुरबार जिल्ह्यात हा हिशेब लागू पडत नाही. अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) तालुक्यांच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या खोल घळीत नर्मदेचं फुगलेलं पाणी आहे आणि त्यावर रोज होड्या चालतात. बाजाराला, दवाखान्याला, शाळेला, लग्नाला, मयताला. पण या होड्या चालवणाऱ्या बहुतेकांचे आजे नावाडी नव्हते. डोंगरउतारावर ज्वारी, मका, तूर पेरणारे, मोहाची फुलं वेचणारे, गुरं-शेळ्या राखणारे असे ते भिल्ल आणि पावरा शेतकरी होते. नदी त्यांच्या दारातच होती. पोहणं होतं, मासे पकडणं होतं, पैलतीरावर सोयरीक होती. पण एवढं अथांग, थांबलेलं पाणी त्यांच्या कुठल्याच पिढीने पाहिलं नव्हतं. मग इथे उस्ताद कोण आणि शागीर्द कोण? पुढच्या पानांचा विषय हाच आहे. त्याचं मला सुचलेलं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला ते तपासत जाता येईल. इथल्या एकाच होडीत दोन उस्ताद बसलेले असतात आणि ते एकमेकांचे शागीर्दही असतात. म्हाताऱ्याला पाण्याखालची जमीन ठाऊक आहे, पोराला पाण्यावरची होडी.

हे पाणी आलं कसं, ते थोडक्यात सांगायला हवं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला नंदुरबार म्हटलं की मिरची आठवते, फार तर सारंगखेड्याचा घोडेबाजार. होडी आठवत नाही. नर्मदा महाराष्ट्राला लागून वाहते ती जेमतेम ५४ किलोमीटर. तेवढ्या पट्ट्यातली ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात आली, त्यांतली ९ अक्कलकुव्याची आणि २४ अक्राणीची. नर्मदा पाणीवाटप लवादाचा निवाडा १९७९ चा. धरणाला सगळ्यांत जवळचं गाव मणिबेली, तिथली घरं १९९३ च्या पावसाळ्यात पाण्याने गाठली. पुढच्याच वर्षी शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ बुडालं. मग कोर्ट, सत्याग्रह, आयोग, पुन्हा कोर्ट. धरणाची भिंत टप्प्याटप्प्याने चढत गेली. ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, २००६ मध्ये भिंत १२१.९२ मीटरवर पोचली, जून २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा काठोकाठ, १३८.६८ मीटरपर्यंत भरला. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. म्हणजे हे पाणी जिल्ह्याहून थोडं थोरलं, आणि त्यावरचा सर्वांत अनुभवी नावाडीसुद्धा तीसेक वर्षांचाच अनुभवी.

या आकड्यांतला एक मात्र नीट लक्षात ठेवावा. जलाशयाची कमाल पातळी १३८.६८ मीटर आणि पाणी उपसण्याची किमान पातळी ११०.६४ मीटर. दोन्हींमध्ये २८ मीटरचं अंतर, नऊ मजली इमारतीएवढं. म्हणजे भाद्रपदात होडी जिथे लागते ती जागा उन्हाळ्यात डोक्यावर, डोंगराच्या कुशीत उरते, आणि पाण्यापर्यंत जायला गाळाचा आख्खा उतार उतरावा लागतो. समुद्राला भरती-ओहोटी असते, पण तिचं वेळापत्रक तिथीवरून काढता येतं. इथली भरती पावसावर आणि ओहोटी गुजरातच्या कालव्यांवर ठरते. गेल्या वर्षीचा धक्का या वर्षी उपयोगाचा नाही, आणि गेल्या महिन्याचाही नाही. कोकणातल्या तांडेलाला कधीही न पडणारा प्रश्न इथल्या नावाड्याला रोज पडतो. आज काठ कुठे आहे?

इथे म्हातारा कामाला येतो. पाणी उतरायला लागलं की पाण्याखालची टेकाडं वर यायला बघतात, पण दिसत नाहीत. हातभर पाण्याखाली उभा असलेला सागाचा खुंट फळी फाडू शकतो. इंजिनाजवळ विशीतला पोरगा बसलेला असतो, पुढे होडीच्या तोंडाशी त्याचा मामा किंवा काका. मामा डावं-उजवं म्हणत नाही. तो सांगतो, खळ्याच्या अंगाने घे. अमक्याच्या मोहाला वळसा घाल. तिथे विहिरीचा कठडा आहे, इंजिन बंद कर आणि बांबू लाव. खळं, मोह, विहीर यांतलं काहीही डोळ्यांना दिसत नाही, नुसतं पाणी. पण म्हाताऱ्याच्या डोक्यात ते गाव जसंच्या तसं उभं आहे आणि समोरच्या डोंगराच्या दोन नाकाडांची रेघ जुळवून तो आपण नेमके कोणाच्या शेतावर आहोत ते सांगतो. कोळी माणूस मासा शोधायला जी युक्ती वापरतो, तीच हा आपलं बुडालेलं घर चुकवायला वापरतो. यात दुःख आहे का? असणारच. पण होडीत बसलेल्यांना त्या वेळी दुःखापेक्षा विहिरीच्या कठड्याची काळजी जास्त असते, आणि लिहिणाऱ्यानेही तेवढं भान ठेवावं. नर्मदेवर लिहिताना गळा दाटून येणं फार सोपं आहे.

पोराचं शिक्षण कसं होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. पहिलं काम पाणी उपसण्याचं. तळाशी झिरपून आलेलं पाणी कापलेल्या प्लास्टिकच्या कॅनने बाहेर टाकत राहायचं. हे काम हलकं समजू नये. होडी किती पाणी घेते, कुठून घेते, कोण कुठे बसल्यावर जास्त घेते, हे त्या कॅनमधूनच कळतं. मग बांबू. लांब बांबू तळाला टेकवून खोली बघायची. खाली दगड असेल तर बांबू खट्कन लागतो, गाळ असेल तर शिरतो आणि ओढताना हात धरून ठेवतो. मग काठाला लावणं. इंजिन वेळेवर बंद करायचं, वेग मरू द्यायचा, पुढच्याने दोर घेऊन उडी मारायची. पण उडी कुठे मारायची ते ठाऊक हवं, कारण पाणी उतरलेल्या काठावर वरून सुकलेला आणि आतून लोण्यासारखा गाळ असतो. त्यात गुरं रुतून मेली आहेत, माणसंही कमरेपर्यंत अडकली आहेत. म्हणून अनुभवी माणूस आधी फांद्या टाकतो किंवा फळी टाकतो आणि नवख्याला तिच्यावरूनच चालायला लावतो. नवखा बहुतेक वेळा हसतो. एकदा चप्पल गाळात गेली की हसत नाही.

त्यानंतर भरणी, आणि ही भरणी म्हणजे होडीवरचं खरं पदव्युत्तर शिक्षण. धान्याची पोती मध्ये, शेळ्या एका बाजूला बांधून, मोटारसायकल असेल तर आडवी नाही, उभी. म्हाताऱ्या बायका तळाशी बसणार, पोरं काठावर बसायला बघणार, त्यांना खाली बसवायचं. बांबूच्या झोळीत आणलेला पेशंट असेल तर त्याची झोळी सर्वांत आधी, मग बाकीचे. हे कुठे लिहिलेलं नाही. दुसऱ्याला बसवताना पाहून पोर शिकतं आणि मग एक दिवस स्वतःच्या आत्याला ‘आत्या, तू इकडे सरक’ असं म्हणायची हिंमत त्याच्यात येते.

इंजिनाची गोष्ट उलटी. तिथे म्हातारा शागीर्द. इथले तरुण हंगामात गुजरातेत ऊसतोडीला जातात, सौराष्ट्रात शेतमजुरीला जातात, आणि तिथे डिझेल पंपांशी त्यांची गाठ पडते. शेतातला पंप आणि होडीचं इंजिन यांचं गोत्र एकच. फिल्टर साफ करणं, नळीतली हवा काढणं, पंख्यात अडकलेलं जाळं सोडवणं, आवाजावरून बिघाड ओळखणं हे पोरं परमुलखातून शिकून येतात. होळीला ती घरी परततात तेव्हा गावात दोन गोष्टी एकदम होतात. काठी गावच्या होळीची तयारी सुरू होते, आणि वर्षभर धुराने काळवंडलेली इंजिनं खोलली जातात. म्हातारे शेजारी उकिडवे बसून बघतात, एखादा स्क्रू हातात धरतात, प्रश्न विचारतात. विचारायची लाज त्यांना वाटत नाही, आणि या समाजातली ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. जातीने आणि वयाने ठरलेली उस्तादी ज्या धंद्यात असते तिथे म्हातारा प्रश्न विचारत नाही. इथे धंदाच सगळ्यांसाठी नवा असल्याने कोणाचं नाक कापलं जात नाही.

बाहेरून आलेल्या नवख्यांची कहाणी वेगळी, आणि ती थोडी गमतीची आहे. १९८५ नंतर मेधा पाटकर आणि त्यांच्याबरोबरचे कार्यकर्ते खोऱ्यात फिरू लागले तेव्हा ते पायी फिरत. पाणी चढत गेलं तशी गावागावांतली पायवाट बुडाली आणि धरणाविरुद्धच्या आंदोलनालाच होडीत बसावं लागलं. डोमखेडीच्या सत्याग्रहाच्या वर्षांत देशभरातून माणसं आली. विद्यार्थी, प्राध्यापक, पत्रकार, परदेशी पाहुणे. महाराष्ट्राच्या काठावर डोमखेडी आणि समोर मध्य प्रदेशात जलसिंधी, मध्ये पाणी. दोन राज्यांमधला हा प्रवास होडीतूनच. या पाहुण्यांपैकी अनेकांनी जगातल्या धरणांचा अभ्यास केला होता, पण होडीत चढताना एकाच बाजूला सगळे उभे राहू नयेत एवढं त्यांना सांगावं लागे. सांगणारी कधीकधी दहा-बारा वर्षांची मुलगी असे. आंदोलनाच्या गावांत भेटल्यावर नमस्काराच्या जागी ‘जिंदाबाद’ म्हणतात. ती मुलगी आधी ‘जिंदाबाद’ म्हणायची आणि मग पाहुण्याला खाली बसवायची.

याच गावांत १९९१-९२ पासून आंदोलनाच्या जीवनशाळा उभ्या राहिल्या, पहिल्या दोन चिमलखेडी आणि निमगव्हाण इथल्या. शाळा आणि घर यांच्यामध्ये पाणी असलेल्या मुलांना वल्हं आणि पाटी बरोबरच हातात आली. शिक्षकांपैकी काही तिथलेच, काही बाहेरचे. बाहेरच्यांना मुलांनी पोहायला शिकवलं, असा व्यवहार झाला तर नवल नाही. आंदोलनावरचं मराठी-इंग्रजी लेखन भरपूर आहे. संजय संगवई यांनी ते आतून लिहिलं, आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांचा माहितीपट १९९५ चा आहे. या साऱ्यात होडी दिसते, पण ती माणसं पोचवण्यापुरती. होडी चालवणं हेसुद्धा त्या माणसांनी कमावलेलं एक ज्ञान आहे, याकडे फार कोणी वळून पाहिलं नाही. लढाई एवढी मोठी होती की वल्ह्याकडे बघायला उसंत नव्हती, हे मान्य. आता ती उसंत काढायला हवी.

सरकारी माणूस हा तिसऱ्या प्रकारचा नवखा. महाराष्ट्राच्या विधानसभा मतदारसंघांच्या यादीत पहिला क्रमांक अक्कलकुव्याचा. मतदानाच्या आदल्या दिवशी इथल्या काही केंद्रांचे कर्मचारी यंत्रं सांभाळत पाण्यावरून जातात. त्यातल्या कोणाला पोहता येत असेलच असं नाही. आरोग्य खात्याचे तरंगते दवाखाने काठावरच्या वस्त्यांना भेट देत फिरतात. डॉक्टर आणि परिचारिका या पाण्यावर काही महिने, काही वर्षं काढतात आणि बदली होऊन जातात. वाऱ्याचं, गाळाचं, वस्त्यांच्या नावांचं त्यांनी जे शिकलेलं असतं ते त्यांच्याबरोबर जातं आणि पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. होडीवरचे स्थानिक कर्मचारी मात्र तेच राहतात, आणि खरं म्हणजे नव्या डॉक्टरला कुठल्या पाड्यावर आधी जायचं ते तेच सांगतात. दवाखान्याच्या फलकावर त्यांचं नाव नसतं.

सरकारी यंत्रणेतच पण काठावर वाढलेल्या एका बाईचं नाव मात्र २०२० मध्ये देशभर गेलं. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे. करोनाच्या टाळेबंदीत लोकांनी होडीने अंगणवाडीत येणं बंद केलं, तेव्हा त्यांनी एका मच्छीमाराकडून लहान होडी मागून घेतली आणि अलीगट, दादर या वस्त्यांवरच्या बाळांपर्यंत, गरोदर बायांपर्यंत पोषण आहार पोचवायला त्या स्वतः वल्हवत जाऊ लागल्या. सुमारे १८ किलोमीटरचं अंतर. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं ते योग्यच. माझं लक्ष त्या बातमीतल्या दोन लहान गोष्टींवर खिळलं. वल्हवणं त्यांना आधीपासून येत होतं, म्हणजे सरकारने शिकवलेलं नव्हतं. आणि होडी मच्छीमाराची होती, म्हणजे सरकारची नव्हती. धाडसाच्या त्या बातमीच्या पोटात काठावरच्या उधार-उसनवारीची, एकमेकांना होडी देण्या-घेण्याची एक आख्खी व्यवस्था दडलेली आहे.

मच्छीमारांचा विषय निघालाच आहे तर त्यांचंही सांगतो. माशांच्या बाबतीत म्हाताऱ्यांचं बरंचसं ज्ञान बुडालं. वाहत्या नर्मदेत महाशीर होता, खडकांमधून खळाळणाऱ्या पाण्यात राहणारा. त्याला कुठल्या डोहात, कुठल्या महिन्यात गाठायचं ते त्यांना ठाऊक होतं. पाणी थांबलं आणि ती विद्या निकामी झाली. थांबलेल्या पाण्यात कटला, रोहू, मृगळ; खोल पाण्यात उभी सोडायची लांब जाळी, रात्रीचं लावणं, पहाटेचं काढणं. हे सगळं नव्याने शिकावं लागलं. विस्थापितांनी हे शिकून दाखवल्याची उदाहरणं नर्मदेच्याच खोऱ्यात आहेत. जबलपूरजवळच्या बरगी धरणात १९९४ मध्ये विस्थापितांच्या सहकारी संघाला मासेमारीचे हक्क मिळाले. तवा धरणात १९९६ मध्ये आदिवासींचा मत्स्य संघ उभा राहिला आणि ज्यांना कोणी मच्छीमार मानत नव्हतं अशांनी दहा वर्षं तो धंदा चोख चालवला. २००६ च्या अखेरीस तो करार संपला आणि अभयारण्याच्या कारणावरून पुन्हा झाला नाही. आपल्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, नवापूर तालुक्यात, तापीवरच्या उकाई धरणाचं पाणी १९७२ पासून आहे. म्हणजे नर्मदाकाठच्या पोरांना जे आज शिकावं लागतं आहे, ते तापीकाठच्या माणसांनी एक पिढी आधी शिकलेलं आहे. दोन्हीकडची माणसं एका जिल्ह्यात, एकाच जिल्हा परिषदेखाली राहतात. त्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी असं कोणाला सुचायला हवं होतं.

आता या सोबतीची दुसरी बाजू. १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात भूषा इथे सणासाठी निघालेल्या लोकांनी भरलेली होडी उलटली. लहान मुलांसह अनेक जण बुडाले, काठावरच्यांनी आणि दुसऱ्या होड्यांनी कित्येकांना बाहेर काढलं. कारण सगळ्यांनी तेच सांगितलं, होडी झेपेल त्याहून जास्त माणसं. मी इथे कोणा एका नावाड्यावर बोट ठेवत नाही. बोट ठेवायचं तर त्या सवयीवर. ज्या होडीत सगळे मामा, काका, आत्या, मेहुणे असतात तिथे ‘तू उतर’ म्हणणं फार अवघड असतं. सणाच्या दिवशी तर अशक्यच. ज्या आपुलकीने होडी उसनी मिळते, तीच आपुलकी होडीत सतरावा, अठरावा माणूस चढवते. म्हणून मला असं वाटतं की या पाण्यावर नावाडी पक्का झाला हे ठरवायची खूण इंजिन किंवा वल्हं ही नव्हे. स्वतःच्या सासऱ्याला काठावर थांबवून ‘पुढच्या फेरीला या’ असं सांगता आलं, की तो पक्का झाला. २०२१ मध्ये केंद्राने अंतर्गत जलवाहतुकीचा १९१७ चा जुना कायदा बदलून नवा आणला. त्यात नोंदणी आहे, तपासणी आहे, सुरक्षेची साधनं आहेत. कायदा चांगला आहे. पण लाइफ जॅकेट पोत्यात बांधून फळीखाली ठेवलेलं असेल तर ते पोतंच तरंगेल.

सगळ्यांसाठीच पाणी नवं असेल तर शिकवायचं कोणी, हा प्रश्न फक्त डोंगरातल्या गरिबांनाच पडतो असं नाही. भारतीय नौदलालाही तो पडला होता. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. ती कोणत्याही भारतीयाने केलेली नव्हती, म्हणजे शिकवणारा घरात कोणीच नाही. दिलीप दोंदे तयार झाले, आणि १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकायला गेले. ‘म्हादेई’ बांधली गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी. तशी होडी त्यांनीही आधी बांधलेली नव्हती. दोंदे २००९-१० मध्ये फेरी पूर्ण करून आले. त्यांच्या वेळी किनाऱ्यावरून मदत सांभाळणारे अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये न थांबता फिरून आले. पुढे दोंदे यांनी शिकवलेल्या नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’ घेऊन जग फिरल्या. दहा वर्षांच्या आत नवशिक्यांची घराणी झाली! तिथे पैसा होता, बोटी होत्या, परदेशी गुरू होता आणि मागे आख्खं नौदल उभं होतं. चिमलखेडी ते भूषापर्यंतच्या काठावर यांतलं काही नाही, तरीही घराणं उभं राहिलं आहे. फक्त त्याची नोंद नाही.

परिक्रमावासीयांबद्दल एक गोष्ट राहून जायला नको. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने मराठी घरांत परिक्रमेचं वेड पसरवलं, त्यामुळे शूलपाणीच्या झाडीचं नाव बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. परिक्रमेचा नियम असा की नर्मदा ओलांडायची नाही. होडीत बसायचं ते फक्त समुद्राच्या मुखाशी, विमलेश्वरहून मिठीतलाईला जाताना. म्हणजे या काठावरून जाणारा यात्रेकरू पाण्यावरच्या माणसांना ‘नर्मदे हर’ म्हणतो, भाकरी घेतो आणि होडीकडे पाठ करून डोंगर चढतो. कदाचित त्यामुळेच नर्मदेवरच्या आपल्या प्रवासवर्णनांत हे नावाडी कमी आले असावेत.

पाण्याकाठी न राहिलेल्यांचंही येणं-जाणं चालूच असतं. तळोदा तालुक्यातल्या सोमावल, रोझवा अशा पुनर्वसन वसाहतींत गेलेली कुटुंबं देवाला, लग्नाला, मूळ गावी राहिलेल्या भाऊबंदांना भेटायला परत येतात. त्यांची मुलं सपाटीवर वाढली, ती सायकल आणि मोटारसायकल चालवायला शिकली. इथे होडीत चढताना ती पाहुण्यांसारखी बिचकतात, आणि चुलतभाऊ त्यांना हात देतो. गावची म्हातारी पाण्याकडे बोट दाखवून त्यांना सांगते, तुझ्या बापाचं घर त्या तिथे. शहरातून आलेला कार्यकर्ता होडीत शिकला तेच ही मुलं शिकतात, फक्त त्यांना शिकवणारा रक्ताचा असतो.

हे सगळं वाचून झाल्यावर वाचकांना, विशेषतः शहादा, तळोदा, धडगाव, अक्कलकुव्याच्या शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांना एक विनंती आहे. पाण्याखालच्या शेतांची, ओढ्यांची, विहिरींची, मोहांची नावं ज्यांना ठाऊक आहेत अशी माणसं आता मोजकी उरली आहेत. मणिबेलीत १९९३ मध्ये विशीत असलेला माणूस आज पन्नाशी ओलांडून गेला आहे, आणि ज्यांनी तिथे स्वतः नांगर धरला ते त्याहून म्हातारे आहेत. तलाठ्याच्या नकाशात गट क्रमांक मिळतील, ही नावं मिळणार नाहीत. चैत्र-वैशाखात पाणी सर्वांत खाली जातं, तेव्हा म्हाताऱ्याला होडीच्या तोंडाशी, पोराला इंजिनावर आणि वही-पेन्सिल घेतलेल्या दोन विद्यार्थ्यांना मध्ये बसवून गावागणिक एक नकाशा काढावा. डिझेलचा खर्च संस्थेने द्यावा, म्हाताऱ्याची आणि नावाड्याची मजुरीही द्यावी. नकाशाची एक प्रत त्या गावच्या होडीत ठेवावी.